दोन रकातींचा थांबा

गेल्या जानेवारीतली गोष्ट. पहाटे सव्वापाचला कळवा नाक्यावर आम्ही बारा जण कानटोप्या घालून उभे होतो. (कळव्यात कानटोपी घालण्याइतकी थंडी पडते हे आमच्या डोंबिवलीच्या व्याह्यांना पटत नाही, पण पहाटे खाडीवरून येणारं वारं त्यांनी कधी अंगावर घेतलेलं नाही.) आम्ही सगळे एकाच बँकेतून निवृत्त झालेले, सोबत कुणाकुणाच्या सौभाग्यवती. दर वर्षी सतरा आसनांची गाडी ठरवून दोन दिवस कुठंतरी जायचं, असा आमचा जुना रिवाज. या वेळी चिपळूण ठरलं होतं. गाडी आली, सामान चढलं, आणि पुढं मुंब्र्याला आणखी तिघांना घेऊन आम्ही शिळफाट्याच्या दिशेनं निघालो.

मुंब्र्याला चढलेले तिघे म्हणजे आमच्या शाखेचे हेडकॅशियर, ज्यांना सगळी बँक ‘भाई’ म्हणत असे. त्यांच्या पत्नी, म्हणजे भाभी. आणि भिवंडीचे एक मित्र, जे आदल्या रात्रीच भाईंकडे मुक्कामाला आले होते. भाई मूळचे चिपळूणजवळच्या खेड्यातले, कोकणी मुसलमान. बोलणं आपल्यासारखंच, किंबहुना त्यांच्या तोंडची कोकणी वळणाची मराठी माझ्या पुस्तकी मराठीपेक्षा जास्त रसाळ. भिवंडीकरांचे आजोबा आझमगडहून मागावर काम करायला आले आणि तिथलेच झाले. हा फरक नुसता गावांचा आहे असं मला पहिली तीस वर्षं वाटत होतं. तो नमाजाचाही आहे, हे या प्रवासात कळलं.

पनवेल जवळ येईतो गाडीत सगळे पेंगुळले होते. मला गाडीत झोप येत नाही. माझ्या पुढच्या आसनावर भाई खिडकीला कपाळ लावून बाहेर बघत होते. मग मनगटावरचं घड्याळ बघत. मग पुन्हा बाहेर. पूर्वेकडं काळ्याचं राखाडी होऊ लागलं होतं. जानेवारीत आपल्याकडं सूर्योदय सव्वासातच्या सुमाराला होतो, आणि फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज सहाच्या सुमारास वेळ लागल्यापासून सूर्य उगवायच्या आत व्हावी लागते. आम्ही भाईंना घेतलं तेव्हा सहा वाजायला दहा मिनिटं होती. म्हणजे घरून नमाज पढून निघणं शक्यच नव्हतं. हा हिशेब मी आज मांडतोय. त्या वेळी मला फक्त एवढंच दिसत होतं, की हा माणूस काही मागणार आहे आणि मागणार नाही.

तो मागणार नाही, याचं कारण मला ठाऊक होतं.

१९९६ साली आमच्या शाखेची सहल महाबळेश्वरला गेली होती. दुपारी वाईच्या अलीकडं भाईंनी ड्रायव्हरला हळूच विचारलं, की कुठं पाण्याची सोय असेल तिथं पाच मिनिटं थांबता येईल का? ड्रायव्हर काही बोलायच्या आत मागून एकजण म्हणाला, ‘‘आता काय गाडी मशिदीमशिदीला थांबवत न्यायची का?’’ गाडीत मोठा हशा झाला. मीही हसलो. भाईसुद्धा हसले, आणि ‘‘राहू द्या, राहू द्या’’ म्हणून बसले. त्यानंतर ते सहलीला आले नाहीत. दर वर्षी काही ना काही कारण सांगत. मुलाची परीक्षा, भाभींची तब्येत. आम्हीही ती कारणं निमूटपणे जमा करून घेत असू. बँकेत खोटी नोट ओळखण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, अशा माणसांची ही कथा.

तर मी ड्रायव्हरला म्हणालो, ‘‘दादा, पुढं पंप दिसला की घ्या जरा बाजूला. भाईंची नमाज व्हायचीय.’’ माझा आवाज उगाच मोठा निघाला असावा, कारण दोघं-तिघं जागे झाले. भाई वळून बघायला लागले. ‘‘अहो साहेब, कशाला...’’ म्हणाले, पण तोवर पळस्प्याच्या पुढं एका पेट्रोलपंपावर गाडी वळली होती.

इतकी वर्षं शेजारी बसून प्रवास केलेल्या माणसाला मी त्या दिवशी प्रथमच नमाज पढताना पाहिलं. बँकेत त्यांची दुपारची नमाज रेकॉर्डरूममध्ये होई. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं ते दार लोटलेलं असे, आणि आत काय चाललंय ते सगळ्यांना माहीत असे. पण दार उघडून बघण्याचा प्रसंग कधी आला नाही. पंपावर मात्र दार नव्हतं. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीत दोघा पुरुषांची वजू झाली, वर घोटभर पाणी उरलं. हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू, ओला हात डोक्यावरून, मग पाय. किब्ला आपल्या भागातून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडं झुकलेला. त्या पंपावर त्या दिशेला नेमकं स्वच्छतागृह होतं. भाईंनी चार पावलं सरकून हवा भरायच्या यंत्रापलीकडची कोरडी फरशी निवडली. आमच्या सौ. भाभींना घेऊन ऑफिसच्या मागच्या बाजूला गेल्या, आणि मोबाइलचा दिवा धरून उभ्या राहिल्या.

पहाटेची नमाज दोन रकातींची. रकात म्हणजे उभं राहणं, वाकणं आणि दोनदा माथा टेकणं यांचं एक आवर्तन. भाई पुढं, भिवंडीकर एक पाऊल मागं. दुसऱ्या रकातीत भाई वाकून उठले आणि दोन्ही तळहात छातीसमोर धरून काही म्हणत राहिले. मागचे भिवंडीकर मात्र हात सोडून नुसते स्तब्ध उभे. मला वाटलं, हे विसरले की काय! नंतर चहा घेताना विचारलं, तर दोघंही हसायला लागले. भाई शाफई, भिवंडीकर हनफी. शाफई पंथात फजरच्या नमाजात ती प्रार्थना उभ्यानं म्हणतात, हनफी म्हणत नाहीत. मग मागच्यानं काय करायचं? गप्प उभं राहायचं. पुढच्याचं होईस्तोवर.

हे शाफई-हनफी प्रकरण आपल्या कोकणाच्या इतिहासाशी घट्ट बांधलेलं आहे, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. इमाम शाफई इसवी सन ८२० मध्ये इजिप्तमध्ये वारले. त्यांच्या परंपरेतला इस्लाम आपल्या किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आला. उत्तरेत खुष्कीच्या मार्गानं आला तो हनफी. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी, दिल्लीत महंमद तुघलकाचा काझी राहून पुढं पश्चिम किनाऱ्यानं गेला, तेव्हा होनावरचे मुसलमान शाफई आहेत हे त्यानं आवर्जून नोंदवलं. माहीमला ज्यांचा दर्गा आहे आणि ज्यांच्या उरुसात मुंबई पोलिसांचा मान असतो, ते मखदूम अली माहिमी हे याच किनाऱ्यावरचे शाफई विद्वान. म्हणजे समुद्रानं आलेला धर्म आणि डोंगरावरून आलेला धर्म त्या पहाटे पळस्प्याच्या पंपावर एका चादरीवर उभे होते, आणि आम्ही बाकीचे बिस्किटं खात होतो.

एकूण अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं. वाईट खोड, बँकेतली.

* * *

महामार्गाची रखडकथा सगळ्यांना पाठ आहे, ती इथं उगाळत नाही. कशेडीचा बोगदा झाल्यापासून निदान तो घाट तरी टळला. वाटेत मी भाईंच्या शेजारी जाऊन बसलो आणि शाळकरी पोरासारखे प्रश्न विचारत सुटलो. तीस वर्षांचे साठलेले प्रश्न होते.

इस्लाममध्ये प्रवाशाला नमाजात सवलत आहे, हे मला माहीतच नव्हतं. तिला कस्र म्हणतात. दुपारची जोहर, तिसऱ्या प्रहरची असर आणि रात्रीची इशा या तिन्ही नमाज एरवी चार-चार रकातींच्या. प्रवासात त्या दोन-दोन होतात. पहाटेच्या दोन आणि सूर्यास्ताच्या मगरिबच्या तीन मात्र तशाच राहतात. प्रवास म्हणजे किती? साधारण ऐंशी किलोमीटरचा पल्ला. आकड्याबाबत विद्वानांत थोडं पुढंमागं आहे. आपल्या वस्तीची हद्द ओलांडली की सवलत सुरू. एखाद्या ठिकाणी मुक्काम वाढवायचा ठरला की सवलत बंद. हनफींना त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत, शाफईंना चारच दिवसांची. ऐकताना मला आमची प्रवासभत्त्याची परिपत्रकं आठवत होती. मुख्यालयापासून किती अंतर, किती दिवस मुक्काम, त्यापुढं दर निम्मा! भाईंना हे सांगितलं तर ते इतके हसले की भाभींनी मागून विचारलं, काय झालं?

शाफईंना आणखी एक सोय आहे. प्रवासात जोहर आणि असर एकाच वेळी, तसंच मगरिब आणि इशा एकाच वेळी पढता येतात. आधीची पुढं ढकलून, किंवा पुढची आधी आणून. हनफींना ही सोय नाही, अपवाद फक्त हजच्या काळातला. ‘‘म्हणजे वाईच्या त्या दिवशी...’’ मी म्हणालो. वाक्य पुरं करण्याचं धाडस झालं नाही.

‘‘त्या दिवशी मी दोन्ही एकत्र केल्या, साहेब,’’ भाई म्हणाले. ‘‘महाबळेश्वरला पोचल्यावर, तुम्ही लोक पॉइंट बघायला गेलात तेव्हा. नमाज चुकली नाही माझी.’’

म्हणजे त्यांच्या शास्त्रानं त्यांना सांभाळून घेतलं होतं. आमच्या हशाचा जमाखर्च तेवढा आमच्या खात्यावर राहिला.

ही सवलत कुठून आली, तेही त्यांनीच सांगितलं. कुराणात तिचा उल्लेख येतो तो शत्रूच्या भीतीच्या संदर्भात. वाटेत कुणी हल्ला करील अशी धास्ती असेल तर नमाज छोटी केलीत तरी दोष नाही, असा आशय. पुढं दिवस पालटले, भीती उरली नाही. तेव्हा हजरत उमर यांना प्रश्न पडला, की आता सवलत कशाला? त्यांनी पैगंबरांना तसं विचारलं. उत्तर मिळालं ते असं, की हे अल्लाहनं तुम्हाला दिलेलं दान आहे, ते घ्या. भाई हे सांगत होते आणि गाडी माणगावच्या कोंडीत उभी होती. भीतीपोटी मिळालेली सवलत भीती गेल्यावरही काढून घेतली गेली नाही. मी मनात म्हटलं, आमच्या कुठल्या परिपत्रकात असं झालं असतं?

* * *

भीतीचा विषय निघाला, तर आता ते सांगायलाच हवं.

१९८६ पासून भाई आमच्याच सोसायटीत राहत होते, कळव्यात, दुसऱ्या मजल्यावर. सकाळी आम्ही दोघं एकत्र निघून कळवा स्टेशनवर एकाच डब्यात लोंबकळत असू. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत काय झालं ते पुन्हा लिहायला नको. आमच्या इमारतीत काहीही घडलं नाही. कुणी दगड मारला नाही, कुणी वाईट बोललं नाही. फक्त सगळे एकदम हळू आवाजात बोलायला लागले. जानेवारीत एका रात्री भाई बायको-मुलांना घेऊन मुंब्र्याला बहिणीकडं गेले. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेले. त्या काळात मुंबईतून आणि आसपासच्या गावांतून किती कुटुंबं अशी मुंब्र्याकडं गेली! कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती असलेल्या कौशाच्या अवतीभवती बघता बघता एक शहर उभं राहिलं.

मार्चमध्ये भाई जागा विकायचे कागद घेऊन माझ्याकडं आले. सोसायटीचा सचिव मी होतो. सोसायटीची बाकी काही येणं नाही हे मी वहीत तपासलं, ना-हरकत पत्रावर सही केली, शिक्का मारला. दहा मिनिटांत काम संपलं. त्यांनी चहा घेतला. ‘‘जाऊ नका’’ असं मी म्हणालो नाही. ‘‘का जाता?’’ असंही विचारलं नाही. हरकत नाही, हे मी तेव्हा लेखी दिलं.

दुसऱ्या दिवसापासून एवढाच बदल झाला, की मी कळव्याला गाडीत चढायचो तेव्हा ते आधीच आत असत. मुंब्रा हे कल्याणकडून येताना कळव्याच्या आधीचं स्टेशन. कधी त्यांना बसायला मिळालं असेल तर मला चढताना बघून ते उठत, आणि ठाण्यापर्यंत मी बसावं असा आग्रह करत.

* * *

शनिवार परशुराम, गोवळकोट आणि वाशिष्ठीच्या काठानं फिरण्यात गेला. त्या दिवशी पुढच्या नमाज लॉजवरच झाल्या, कुणाला कळल्याही नाहीत. रविवारी दुपारी आम्ही भाईंच्या गावी जेवायला गेलो. थोरले भाऊ अजून तिथं राहतात. तांदळाची भाकरी, कोलंबी, आणि नारळाच्या दुधातलं एक कालवण, ज्याची कृती आमच्या सौ.नी लिहून आणली आहे. कळव्यात ती चव येत नाही, हा भाग वेगळा. गावची मशीद छोटी, कौलारू, पुढं पाण्याचा हौद. मी हौदाच्या कठड्यावर बसलो होतो.

इथं मला वाटलं, आपल्याला आता नियम समजला आहे. भाई जन्मगावी आले, म्हणजे सवलत संपली. पण तसं नव्हतं. तीस वर्षं ते मुंब्र्याचे रहिवासी. गावात आले ते प्रवासी म्हणूनच. खुद्द पैगंबर मदिनेत स्थायिक झाल्यानंतर अखेरच्या हजला मक्केत आले, तेव्हा आपल्या जन्मगावी ते प्रवाशासारखी छोटीच नमाज पढले होते. तरीही त्या दुपारी भाईंनी जोहरच्या पूर्ण चार रकाती केल्या. कारण पुढं उभा असलेला इमाम गावचा, आणि रहिवाशाच्या मागं उभं राहिलं की प्रवाशानंही त्याच्याइतकीच नमाज पुरी करायची. ती संपल्यावर बाकीचे बाहेर पडले. भाई लगेच एकटे उभे राहिले आणि असरच्या दोन रकाती त्यांनी तिथंच उरकल्या. आधी गावकऱ्यासारख्या चार, मग पाहुण्यासारख्या दोन. मी कठड्यावरून बघत होतो.

भिवंडीकरांना असर अशी आधी करून चालणार नव्हती. शिवाय हनफींची असर शाफईंपेक्षा पाऊण-एक तास उशिरा लागते. सावली वस्तूइतकी झाली की शाफईंची वेळ, दुप्पट झाली की हनफींची. त्यामुळं परतताना आमचा चहाचा थांबा कोलाडला, पावणेपाचला. आता गाडीतले बाकीचेही तयार झाले होते. ‘‘अहो, तुमची दोनच ना? की चार?’’ असं वाईला हसलेल्यांपैकीच एकानं विचारलं, तेही अगदी जाणत्याच्या सुरात! हॉटेलच्या मागं सतरंजी मिळाली. भिवंडीकर उभे राहिले तेवढ्यात एक वेटर पोऱ्या फडक्याला हात पुसत आला आणि त्यांच्या मागं उभा राहिला. बिहारकडचा असावा. दोन रकाती झाल्यावर भिवंडीकरांनी दोन्ही खांद्यांकडं मान वळवून सलाम फेरला, त्यांची नमाज संपली. पोऱ्या मात्र उठला आणि उरलेल्या दोन एकट्यानं पुऱ्या केल्या. तो त्या हॉटेलात राहणारा. त्याला प्रवासी म्हणता येत नव्हतं. एवढ्या लांबून आलेला पोरगा कोलाडचा रहिवासी आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचे भिवंडीकर मुसाफिर!

भिवंडीकरांची नमाज वजूसकट नऊ मिनिटांत झाली. आमची भजी, चहा, परत चहा आणि काजूची खरेदी यांना बेचाळीस मिनिटं लागली. मी हे सगळं डायरीत लिहून ठेवलं आहे. मला आणखी एक आठवलं. चार वर्षांपूर्वी आमची सहल नेमकी संकष्टीच्या दिवशी होती. कालनिर्णयात चंद्रोदयाची वेळ पाहून, गाडी एका माळावर उभी करून, ढगाआडचा चंद्र दिसेपर्यंत आम्ही तिघी-चौघींसाठी पाऊण तास थांबलो होतो. कुणीही घड्याळ पाहिलं नव्हतं. माझे आजोबा प्रवासात पळी-पंचपात्र बरोबर ठेवत. त्यांची संध्या होईपर्यंत सगळं कुटुंब धर्मशाळेच्या ओट्यावर ताटकळत असे, आणि कुणाला ते ताटकळणं वाटत नसे. डायरी लिहिण्याची बुद्धी मला तेव्हा कशी झाली नाही?

सूर्य बुडाला तेव्हा आम्ही वडखळच्या अलीकडं होतो. मगरिबची वेळ थोडी, तिथं रेंगाळून चालत नाही. या वेळी ड्रायव्हरनं आपणहून गाडी बाजूला घेतली. तीन रकाती दोघांनी एकत्र केल्या. मग भिवंडीकर येऊन बसले, आणि भाई-भाभींनी आपापल्या जागी इशाच्या दोन रकाती जोडून घेतल्या. भिवंडीकर इशा घरी जाऊन पढणार, पूर्ण चार. गाडीत कुणीतरी दिवा लावला नाही, कुणी गाणं लावलं नाही. बाहेरून ट्रकांचे उजेड येत-जात होते, एवढंच.

पनवेल गेलं, शिळफाटा गेला. मुंब्र्याचे दिवे दिसू लागले तेव्हा मी भाईंना विचारलं, ‘‘९३ साली इकडं आलात, तेव्हा सुरुवातीला पंधरा दिवसांसाठीच आला होतात ना? तेव्हा नमाज दोनच रकाती पढत होता का?’’

भाईंना प्रश्न समजायला क्षणभर लागला. मग म्हणाले, ‘‘नाही हो साहेब. कळवा ते मुंब्रा, मध्ये एक स्टेशनसुद्धा नाही. एवढ्याला प्रवास म्हणत नाहीत. पहिल्या दिवसापासून पूर्ण चार.’’

कौशाच्या नाक्यावर ते तिघं उतरले. भाभींनी आमच्या सौ.च्या हातात कोलंबीच्या लोणच्याची बरणी दिली. पुढच्या वर्षी बिजापूर करू या का, असं भाई गाडीच्या दारात उभं राहून विचारत होते, आणि मागं रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. मी म्हणालो, बिजापूरला चार दिवस लागतील. ‘‘चालेल की,’’ ते म्हणाले, ‘‘हिशेब तुम्ही ठेवा.’’ बायपासनं आम्ही दहा मिनिटांत कळव्यात होतो.